धुराड्याला परवानगी कुणी दिली?

माझ्या मामेबहिणीनं इंग्लंडमध्ये घर घेतलं तेव्हा आख्ख्या खानदानात पेढे वाटले गेले. फोटोच तसे होते. लाकडी तुळया, बुटका दरवाजा, भिंतीवर चढलेली वेल. 'ग्रेड टू लिस्टेड आहे गं,' असं ताई फोनवर सांगायची आणि आम्हाला वाटायचं, काहीतरी बक्षीसच मिळालंय.

ऑक्टोबरच्या शेवटी तिच्याकडे राहायला गेले आणि ते बक्षीस काय आहे, ते मला रात्री अडीच वाजता कळलं. खिडक्यांना एकेरी काच. फटींतून वारा असा यायचा की पडदा हलायचा. सात महिन्यांचं बाळ दोन स्वेटर घालून झोपलेलं. दुहेरी काचेच्या नव्या खिडक्या बसवायचा अर्ज तिथल्या काउन्सिलनं नाकारला होता. म्हटलं, मग न विचारता बदला की! भावोजी हसले. लिस्टेड घरात परवानगीशिवाय असं काही केलं, तर तो तिथे फौजदारी गुन्हा असतो. आणि फक्त बाहेरून नाही, आतूनसुद्धा. १७००च्या आधीचं, बऱ्यापैकी मूळ रूपात उरलेलं घर असेल, तर ते या यादीत असणारच असं धरून चालायचं.

रविवारी ताई म्हणाली, 'चल, तुला या सगळ्या घरांची आजी दाखवते.' स्ट्रॅटफर्डपासून दीडेक किलोमीटरवर शॉटरी नावाचं गाव आहे. तिथलं अ‍ॅन हॅथवेचं घर. अ‍ॅन म्हणजे शेक्सपीअरची बायको. १५८२ मध्ये लग्न झालं तेव्हा नवरा अठराचा, बायको सव्वीसची (हा विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी). या घराला सगळे 'कॉटेज' म्हणतात, पण आहे ते चांगलं बारा खोल्यांचं शेतकऱ्याचं घर. दर्जा ग्रेड वन, म्हणजे अगदी वरचा.

खरं सांगू? बाहेरून ते मला बिस्किटाच्या डब्यावरचं चित्र वाटलं. आत गेल्यावर मात्र मान वर गेली ती खाली येईना. या घराचा सगळ्यात जुना भाग १४६३चा. तो ज्या लाकडी सांगाड्यावर उभा आहे, त्याला क्रक म्हणतात. सुतारानं मुद्दाम वाकडं वाढलेलं ओकचं झाड शोधायचं, ते मधोमध उभं चिरायचं आणि दोन फाळ्या समोरासमोर उभ्या करून वर टोकाला जोडायच्या. नमस्कार केल्यासारख्या. छपराचा भार थेट या जोड्यांवर, भिंतीवर नाही. सांध्यांत लाकडी खुंट्या. मधल्या चौकटींमध्ये काठ्या विणून त्यावर माती, शेण आणि काड यांचा गिलावा. म्हणजे आपला कूडच की! वरून शाकारलेलं उतरतं छप्पर.

सुरुवातीला इथे तीनच खोल्या होत्या. त्या काळातल्या शेतकऱ्यांच्या घरांत मुख्य खोली थेट छपरापर्यंत उघडी असायची. जमिनीवर मधोमध चूल, आणि धूर जाईल तिकडे जाईल. ब्रोशरमध्ये 'ओपन प्लॅन' म्हणून आपल्याला जे विकतात, त्याचा हा खापरपणजोबा. मग सोळाव्या शतकात लोकांनी विटांची धुराडी बांधायला सुरुवात केली. धुराची सोय झाल्यावर त्या उंच खोलीला मधे तक्तपोशी घालता आली आणि वर झोपायच्या खोल्या मिळाल्या. या घरातही तेच झालं. पुढे अ‍ॅनच्या भावानं, बार्थोलोम्यूनं, १६१० मध्ये हे घर विकत घेतलं. हो, तोवर हॅथवे मंडळी भाडेकरू होती! घराचा उंच भाग सतराव्या शतकातला. एका धुराड्यावर १६९७ साल कोरलेलं आहे.

ताई त्या मोठ्या चुलीसमोर बराच वेळ उभी होती. मग एकदम म्हणाली, 'यांना धुराड्याची परवानगी कुणी दिली गं?'

मी हसले, पण ती हसत नव्हती. 'पाच मिनिटं विचार कर. आमचं काउन्सिल तेव्हा असतं, तर यांनी अजून धुरात डोळे चोळले असते.'

गंमत म्हणजे तेव्हाही कुरकुर झालीच होती. विल्यम हॅरिसन नावाच्या पाद्रीनं १५७७ मध्ये लिहून ठेवलंय की गावातल्या म्हाताऱ्यांना एवढी धुराडी बघून नवल वाटायचं. त्याचं स्वतःचं म्हणणं, जुन्या धुरानं लाकूडही टणक व्हायचं आणि माणसंही!

मी मात्र ताईच्या बाजूनं पूर्णपणे नव्हते. हे घर १८९२ मध्ये ट्रस्टनं घेतलं नसतं, तर आज तिथे काय असतं, सांगता येत नाही. १९६९ मध्ये आगीत त्याचं मोठं नुकसान झालं, तेव्हा ट्रस्टनंच ते पुन्हा उभं केलं. मोकळं सोडलं तर सगळे जण धुराडंच बांधतात असं थोडंच आहे? कुणी प्लास्टिकच्या खिडक्याही बसवतो. हे मी ताईला गाडीत सांगितलं. ती पुढचे वीस मिनिटं बोलली नाही.

मग सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, 'जुनी खिडकी तशीच ठेवून आतून दुसरी काच लावली तर? नंतर कधीही काढता येईल अशी.'

नवा अर्ज त्याच रात्री भरला. मी टेप धरला, भावोजींनी आकडे लिहिले, बाळानं पेन खाल्लं. उत्तर अजून आलेलं नाही. मामीनं तिसरा स्वेटर विणून पाठवलाय.