विश्लेषण : गुलाबी बोंडअळीचे गणित खानदेशानेच का मांडायला हवे?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत कपाशीचे बोंड फुटू लागले की गुलाबी बोंडअळीची चर्चा सुरू होते आणि फवारण्यांचा खर्च वाढत जातो. पण अळी बोंडात शिरून सरकी खाऊ लागली, की फवारा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग औषध बदलून पाहण्याऐवजी या किडीची वाढ नेमकी कोणत्या नियमाने होते, हे खानदेशातल्या आकड्यांवरून मांडण्याची गरज आहे. जीवशास्त्र आणि गणित एकत्र आणल्याशिवाय ते होणार नाही.

बीटीचे कवच कसे भेदले गेले?

देशात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. दोन जनुकांचे ‘बोलगार्ड-२’ वाण २००६ मध्ये आले. बीटीचे विष अळीच्या आतड्यातील पेशींवरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटते, आतड्याला छिद्रे पाडते आणि अळी मरते. ‘कॅडहेरिन’ हे त्यापैकी एक प्रथिन. ज्या अळ्यांमध्ये त्याचे जनुक बदललेले असते, त्यांच्यात पहिल्या जनुकाचे विष चिकटत नाही. दुसऱ्या जनुकाच्या विषाबाबतही असेच बदल भारतीय अळ्यांमध्ये आढळले आहेत. पहिल्या विषाला अळी दाद देत नसल्याचे २०१० मध्ये गुजरातमध्ये स्पष्ट झाले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने त्याची मोठी किंमत मोजली.

हे इतक्या लवकर का घडले?

हा प्रतिकार साधारणपणे तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा बदललेले जनुक आई आणि बाप दोघांकडून येते. समजा, असे जनुक हजारात एक आहे. तर दोन्ही प्रती बदललेल्या असलेली अळी दहा लाखांत एक सापडेल. शेताच्या कडेला साधी, बिगर-बीटी कपाशी असेल, तर तिथे वाढलेले असंख्य साधे पतंग या एखाद्या पतंगाशी मीलन करतात. त्यांच्या पिलांना एकच बदललेली प्रत मिळते आणि ती बीटीवर मरतात. म्हणून तर ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी दिली जात होती. ती बहुतेक ठिकाणी पेरलीच गेली नाही. साधे पतंग संपले, वाचलेले एकमेकांत मिसळले आणि काही पिढ्यांत दुर्मीळ जनुक सर्रास झाले.

चीनमध्ये याच्या उलट घडले. यांगत्से खोऱ्यातील शेतकऱ्यांनी संकरित कपाशीचे दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरले. त्यात सुमारे चौथा हिस्सा झाडे आपोआप बिगर-बीटी होती. तिथला प्रतिकार मागे हटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मात्र तिथे प्रतिकार फारसा पसरलेला नव्हता. आपल्याकडे तो पसरून बसला आहे. त्यामुळे आता मुख्य भर पिढ्यांची साखळी तोडण्यावर हवा.

एका पिढीने काय फरक पडतो?

या किडीची एक पिढी साधारण महिनाभरात पूर्ण होते. समजा, शिवारात सुरुवातीला १०० पतंग आहेत आणि प्रत्येक पिढीत संख्या पाचपट होते. चार पिढ्यांत ती ६२,५०० होईल. पाचव्या पिढीत ३ लाख १२ हजार ५००. मे महिन्यात पूर्वहंगामी लागवड केली किंवा डिसेंबरनंतर फरदड ठेवली, की ही जादा पिढी आपणच किडीला देतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. सुरुवातीचे १०० पतंग २० वर आणले, तर चार पिढ्यांनंतरची संख्या १२,५०० राहते. म्हणजे एक पूर्ण पिढी वाचली. हंगामाआधी ८० पतंग कमी करणे आणि शेवटी ५०,००० मारणे, यांचे फळ सारखेच. खर्च मात्र सारखा नाही.

हे ८० पतंग येतात कुठून? दिवस लहान आणि थंड होऊ लागले, की काही अळ्या आपली वाढ थांबवून सरकीत निद्रिस्त होतात. पऱ्हाट्यांचे ढीग, बांधावरची वाळकी बोंडे आणि जिनिंगमधली सरकी ही त्यांची मुक्कामाची ठिकाणे. पावसाच्या सुमारास पतंग बाहेर पडतात. त्या वेळी कपाशीला पाते-फुलेच नसतील, तर पुढची पिढी वाढायला जागा मिळत नाही. वेळेवर लागवड करा, या सल्ल्यामागचे शास्त्र हेच आहे.

मग अडते कुठे?

प्रत्यक्षात संख्या ठरलेल्या पाचपटीने वाढत नाही. तापमान, पाऊस आणि झाडावरची बोंडे यांनुसार वाढीचा दर बदलतो. चोपडा, यावल, शिरपूर आणि साक्री यांचा दर एक असेलच असे नाही. तो मोजण्याचे साधन साधे आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, तर उपाय करावा, असा निकष आहे. पण सापळ्यातले आकडे शेतातच विरून जातात. पतंग बांध ओळखत नाही. त्यामुळे एकट्याने नियम पाळणारा शेतकरीही शेजारच्या फरदडीची किंमत मोजतो.

कोणी काय करावे?

जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, धुळ्याला कृषी महाविद्यालय, तर पाल आणि ममुराबाद येथे कृषी विज्ञान केंद्रे. गणित, कीटकशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान हे विषय हाकेच्या अंतरावर शिकवले जातात. पण अकरावीत ‘ए ग्रुप’ की ‘बी ग्रुप’ हा प्रश्न आला, की विद्यार्थी जे वेगळे होतात ते पुन्हा भेटत नाहीत. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या दा. ध. कोसंबी यांनी १९४४ मध्ये जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र दिले. ते आजही जगभर वापरले जाते. तेव्हा ही भिंत आपल्या परंपरेतली नव्हे.

गावोगावचे सापळ्यांचे आकडे एकत्र करून तालुकानिहाय समीकरण मांडणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात बसणारे काम आहे. त्यातून लागवडीची आणि पऱ्हाटी काढण्याची तारीख गावाला कारणासह सांगता येईल. मात्र लवकर फरदड मोडणाऱ्याचे उत्पन्न बुडते, हेही विसरता कामा नये. रब्बीचे बियाणे आणि पाणी त्याला वेळेवर मिळाले नाही, तर अचूक समीकरणही कागदावरच राहील.