ऑफिसातलं आरोग्य शिबिर : रिपोर्ट आला, पुढे काय?

वर्षातून एकदा तुमच्या ऑफिसात आरोग्य तपासणी होते. बीपी, शुगर, वजन, डोळे. जोडीला एखादा योगवर्ग किंवा पावलं मोजायची स्पर्धा. त्यात जरूर भाग घ्या. पण तेवढ्याने तब्येत सुधारेल असं धरून चालू नका.

अमेरिकेत बीजेज होलसेल क्लब या दुकानांच्या साखळीत १६० ठिकाणच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला. कोणत्या ठिकाणी आरोग्य कार्यक्रम राबवायचा, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. दीड वर्षाने, कार्यक्रम असलेल्या ठिकाणी ‘मी नियमित व्यायाम करतो’ असं सांगणारे जास्त होते. पण बीपी, कोलेस्टेरॉल, वजन, उपचारांचा खर्च आणि रजा यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

इलिनॉय विद्यापीठाच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट कळली. आपणहून भाग घेणाऱ्यांचा औषधोपचारांचा खर्च आधीपासूनच कमी होता. म्हणजे जो रोज चालतो, तोच स्पर्धेत नाव देतो. ज्याला खरी गरज आहे, तो मागच्या बाकावर बसून राहतो.

माझ्या मते यात दोष फक्त कर्मचाऱ्यांच्या आळसाचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. रात्री नऊपर्यंत थांबवून घ्यायचं, कॅन्टीनमध्ये वडा-समोसा ठेवायचा आणि वर्षातून एकदा योगदिन साजरा करायचा, हे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं झालं. कंपनीने आधी कामाचे तास, जेवणाची सुट्टी आणि कॅन्टीन सुधारावं. तपासणीत कंत्राटी कामगार, सफाई कर्मचारी आणि वॉचमन यांनाही घ्यावं.

तुम्ही काय कराल?

• रिपोर्ट खणात ठेवू नका. आठवड्याभरात आपल्या फॅमिली डॉक्टरांना दाखवा.
• बीपी १४०/९० किंवा जास्त आलं, तर पुन्हा एक-दोनदा मोजून घ्या. एका मोजणीवर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका.
• उपाशीपोटी शुगर १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ च्या वर असेल, तर त्रास होत नसला तरी डॉक्टरांकडे जा. सुरुवातीला मधुमेहात बहुतेकदा काहीच जाणवत नाही.
• मागच्या वर्षीचा रिपोर्ट शेजारी ठेवून पाहा. आकडा कुठल्या दिशेने चाललाय ते कळेल.
• आपला रिपोर्ट कोण कोण पाहणार, हे एचआरला निःसंकोच विचारा. तो तुमचा हक्क आहे.

शिबिरात आजार फक्त सापडतो. तो आटोक्यात येतो तो नंतरच्या ३६४ दिवसांत, तुमच्या ताटात, तुमच्या चालण्यात आणि वेळेवर घेतलेल्या गोळीत. आणि हो, साहेबांनी तुम्हाला वेळेवर घरी सोडलं तर!