फिरस्त्या गीतकाराचे वाङ्मय

वामनदादा कर्डक यांनी पहिले गीत रचले ते १९४३ मध्ये, आणि ‘वाटचाल’ हा त्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला १९७३ मध्ये. मधल्या तीस वर्षांत हे गीतकार अज्ञात होते असे नव्हे. महाराष्ट्रातील कितीतरी वस्त्यांना त्यांची गीते मुखोद्गत होती. मात्र ज्याला वाङ्मयाचा इतिहास म्हणतात त्याच्या दृष्टीने तो कवी जणू जन्मालाच आलेला नव्हता. मुद्रणापूर्वीचे हे तीस वर्षांचे आयुष्य वाङ्मयीन आयुष्य मानावयाचे की नाही, हा प्रश्न एका कवीपुरता मर्यादित नाही. वाङ्मय कशास म्हणावे, हेच त्यातून ठरते.

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेला हा मुलगा पोटासाठी मुंबईस आला, त्याने मजुरी केली, आणि अक्षरओळखही त्यास तरुणपणीच झाली. विशीतल्या या तरुणापुढे आदर्श होता तो आंबेडकरी जलशांचा. त्या जलशांच्या मागे सत्यशोधक जलशांची परंपरा उभी होती. तमाशाचा सांगाडा घ्यावयाचा, त्यातील गण-गौळणीचा आशय पालटावयाचा आणि गावोगाव जाऊन समाजप्रबोधन करावयाचे, ही त्या परंपरेची रीत. १९५६ च्या धर्मांतरानंतर जलशांचा भर ओसरला व त्यांची जागा गायनपार्ट्यांनी घेतली. पण फिरणे तेच राहिले. चौदा एप्रिलची जयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, सहा डिसेंबर हेच या गीतकारांचे पंचांग होय.

अशा भ्रमंतीत रचल्या जाणाऱ्या गीताचे काही धर्म असतात. समोरचा श्रोता ते गीत एकदाच ऐकणार असतो. त्यास मागचे पान उलटून पाहण्याची सोय नसते. म्हणून चाल परिचित हवी. ध्रुपद पहिल्याच आवर्तनात कोरसाच्या व श्रोत्यांच्या ओठी बसावयास हवे, आणि प्रत्येक कडव्याने त्याच ध्रुपदाला थोडा नवा अर्थ द्यावयास हवा. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा येते. संतांच्या अभंगांत ती आहे, गझलेच्या मक्त्यातही आहे. छापील पुस्तकाचे मुखपृष्ठ नसलेल्या कवीचे ते स्वामित्वपत्र आहे. गीत दुसऱ्या गायकाच्या तोंडी गेले, तिसऱ्या गावी पोचले, तरी कर्त्याचे नाव त्याच्या पोटात शिवलेले राहते.

या गीतांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप चालीविषयीचा आहे. चित्रपटगीताच्या चालीवर शब्द बसविले की ती नक्कल झाली, असे मानण्याची प्रथा आहे. परंतु अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’तील (१८८२) पदेही पूर्वपरिचित चालींवर रचलेली होती, आणि मराठी संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा निर्देश करण्याची पद्धत होती. त्या नाटकमंडळ्याही बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरत. तेथे उसनी चाल आणि भ्रमंती यांना कोणी वाङ्मयबाह्य ठरविले नाही; उलट त्या वैभवाच्या खुणा मानल्या गेल्या. तेव्हा आक्षेपाचे मूळ चालीत नसून ती चाल कोणत्या वस्तीत गायिली गेली यात आहे, हे मान्य करावे लागते. ओळखीच्या चालीमुळे श्रोत्याचे अवधान शब्दांसाठी मोकळे राहते, आणि शृंगाराच्या चालीवर स्वाभिमानाचा आशय ऐकताना दोहोंतील अंतर हाच अर्थाचा एक भाग होतो. हे रचनेचे तत्त्व आहे. त्यास उणीव म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप पाठाच्या अस्थिरतेचा. गीत प्रत्येक गावी बदलते, मग प्रमाण पाठ कोणता? या प्रश्नाचे उत्तर भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पूर्वीच दिलेले आहे. नामदेव पंजाबात गेले अशी परंपरा आहे, आणि त्यांच्या नावावरील एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. मराठी गाथेतील नामदेव आणि उत्तरेतील नामदेव यांची तुलना करताना पाठभेदांस कोणी दोष मानीत नाही. त्या भेदांतूनच पदांचा प्रवास वाचला जातो. जी उदारता शतकांपूर्वीच्या फिरस्त्या कवीस मिळते, ती विसाव्या शतकातील फिरस्त्यास का मिळू नये? एकाची यात्रा ती भक्ती, आणि दुसऱ्याचा दौरा तो प्रचार, ही विभागणी काव्यशास्त्रीय नव्हे.

अर्थात फिरस्तीचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. रोज नवे गाव आणि तोच विषय, यातून प्रतिमा झिजतात, यमके हाताशी येतील ती घेतली जातात, आणि टाळ्यांची सवय लागलेला कवी टाळ्यांच्याच जागा शोधू लागतो. लोकप्रियता हे गुणवत्तेचे प्रमाण नव्हे, हा समीक्षकांचा इशारा योग्यच आहे. परंतु त्याच भ्रमंतीत कठोर परीक्षणही घडत असते. एखादे कडवे एका रात्री पडले तर ते दुसऱ्या गावी गाळले जाते. ज्याची फर्माईश पुन्हा होते ते टिकते. लेखनिकाच्या मेजावर जे पुनर्लेखन होते ते येथे मंडपात होते, आणि श्रोता संपादकाचे काम करतो. म्हणून चांगल्या-वाईटाचा निवाडा करावयाचाच, पण तो गीताच्या स्वतःच्या नियमांनी करावा. चाल वगळून केवळ शब्द वाचणारी समीक्षा निम्मी कृती वाचून पूर्ण कृतीवर निकाल देते.

२०१६ साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गीत हे साहित्य आहे काय यावर भारतातही चर्चा झाली. पण भोजपुरीतील भिखारी ठाकूर, तेलुगूतील गद्दर आणि मराठीतील वामनदादा या भाषांच्या दारातच उभे असताना ही चर्चा परक्या निमित्ताची वाट पाहत राहावी, हे भारतीय भाषाविभागांना भूषणावह नाही.

करावयाचे काम स्पष्ट आहे. या गीतांच्या आवृत्त्या सिद्ध करताना प्रत्येक गीतासोबत त्याची चाल, प्रसंग, गाव, गायक आणि उपलब्ध पाठभेद नोंदविले पाहिजेत. ध्वनिमुद्रणे ही परिशिष्टे न मानता मूळ साधने मानली पाहिजेत. वामनदादांचे निधन २००४ मध्ये झाले. त्यांच्यासोबत गायिलेले, त्यांच्यामागे कोरस धरलेले आणि त्यांना मंडपात बसून ऐकलेले लोक आता वार्धक्यात आहेत. छापील संग्रह ग्रंथालयात राहतील; पण कोणते कडवे कोठे गाळले गेले आणि कोणत्या ओळीवर सारा मंडप गाऊ लागला, ही माहिती केवळ त्या माणसांपाशी आहे. ती माणसे गेली की उरेल ते गीतांचे शब्द, आणि अभ्यासक मग त्यांनाच गीत समजून चालतील.