‘एस टियर’ आहे, पण कोणासाठी?

‘अरे, ते बी टियर आहे, त्याला लेव्हल काय देतोस?’ गेन्शिन इम्पॅक्ट खेळणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. कदाचित बोललाही असाल. गेममध्ये नवं शस्त्र आलं की लगेच टियर लिस्ट हजर. वर ‘एस’, त्याखाली ‘ए’, मग ‘बी’, ‘सी’. आपल्याकडचं शस्त्र खालच्या रांगेत दिसलं की काल रात्रीपर्यंत भारी वाटणारी तलवार आज सकाळी एकदम भंगार वाटायला लागते. तलवार तीच, आकडे तेच. मधल्या वेळात आपण फक्त एक व्हिडिओ बघितलेला असतो.

टियर लिस्ट खोट्या असतात, असं मी म्हणत नाहीये. चांगली लिस्ट बनवणारे लोक तासन् तास हिशोब करतात. पण ती लिस्ट ज्या प्रश्नाचं उत्तर देते, तो प्रश्न बहुतेक वेळा तुमचा नसतोच. आणि दुसऱ्याच्या प्रश्नाच्या उत्तरावर तुम्ही तुमचा पॉकेटमनी उधळता, तेव्हा मामला गंभीर होतो.

भाला कोणाच्या हातात?

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. 28 सप्टेंबर 2020 ला आलेल्या या गेममध्ये शस्त्रांचे पाच प्रकार आहेत: तलवार, दोन्ही हातांनी पेलायची जड तलवार, भाला, धनुष्य आणि जादूच्या हल्ल्यांसाठीचं कॅटॅलिस्ट. प्रत्येक शस्त्राला 1 ते 5 स्टार असतात. चार आणि पाच स्टारचं शस्त्र लेव्हल 90 पर्यंत वाढवता येतं. शिवाय प्रत्येक चांगल्या शस्त्राला स्वतःची एक खास अट असते आणि खरी गंमत त्या अटीत असते.

‘स्टाफ ऑफ होमा’ हा भाला घ्या. पाच स्टार, बहुतेक लिस्टमध्ये वरच्या रांगेत. तो हेल्थ 20 टक्क्यांनी वाढवतो आणि एकूण हेल्थच्या काही भागाएवढा अटॅक वाढवून देतो. हेल्थ निम्म्याच्या खाली गेली की हा बोनस आणखी वाढतो. आता हू ताओ आठवा. ती लढताना स्वतःची हेल्थ जाळते आणि तिची ताकदही हेल्थवरूनच ठरते. म्हणजे भाला जणू तिच्याच मापाने शिवलाय. पण ज्याच्या टीममध्ये हीलर सतत हेल्थ भरत बसलाय, त्या कॅरेक्टरच्या हातात याच भाल्याची अर्धी अट झोपलेली राहते. क्रिट डॅमेज मिळतं, नाही असं नाही. पण लिस्टमध्ये दिसणारा ‘एस’ तुमच्या स्क्रीनवर पूर्ण उतरत नाही.

‘एन्गल्फिंग लाइटनिंग’चंही तसंच. एनर्जी रिचार्ज 100 टक्क्यांच्या वर जितका जाईल, तितका अटॅक वाढवणारा हा भाला. रायडेन शोगुनला रिचार्ज हवाच असतो, म्हणून तिच्या हातात तो लखलखतो. रिचार्जकडे ढुंकूनही न बघणाऱ्या कॅरेक्टरला तो दिला, तर पाच स्टार फक्त शोभेला.

म्हणूनच ‘बेस्ट शस्त्र कोणतं?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणाच्या हातात, कोणत्या टीममध्ये, कशासाठी, एवढं जोडल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. सगळ्या शस्त्रांना एकाच शिडीवर चढवणारी लिस्ट नेमकी हीच माहिती गाळून टाकते.

तीन स्टारचं पुस्तक

याची उलटी बाजू जास्त मजेशीर आहे. ‘थ्रिलिंग टेल्स ऑफ ड्रॅगन स्लेअर्स’ हे तीन स्टारचं कॅटॅलिस्ट. विश करताना नको नको म्हणत गोळा होणारं. पण ते हातात असलेल्या कॅरेक्टरवरून तुम्ही दुसऱ्यावर स्विच केलंत, की येणाऱ्याचा अटॅक 10 सेकंदांसाठी 24 टक्के वाढतो. रिफाइनमेंट पाचवर नेली तर 48 टक्के! बार्बरा किंवा मोनासारख्या सपोर्टच्या हातात हे पुस्तक द्या आणि मेन डॅमेज करणाऱ्याला मागून आणा. कित्येक पाच स्टारवाल्यांना हा पराक्रम जमत नाही.

मात्र तुमचा मेन नूव्हिलेट असेल, तर हेच पुस्तक कुचकामी, कारण त्याचं डॅमेज अटॅकवर नाही, हेल्थवर ठरतं. एकच वस्तू एका टीममध्ये हिरो आणि दुसऱ्या टीममध्ये रद्दी.

आणि ‘द कॅच’? इनाझुमामध्ये मासे पकडून मिळणारा चार स्टारचा भाला. एकही विश खर्च न करता, पाचही रिफाइनमेंटसकट. त्या पातळीवर तो एलिमेंटल बर्स्टचं डॅमेज 32 टक्के आणि बर्स्टचा क्रिट रेट 12 टक्के वाढवतो. शियांगलिंग किंवा रायडेनसाठी तो वर्षानुवर्षं टिकून आहे. किंमत काय, तर गळ टाकून बसण्याचा पेशन्स.

लिस्टमधलं ‘समजा’

पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला कुठलीही बातमी वाचताना तीन प्रश्न विचारायला शिकवतात. कोण सांगतंय? कशाच्या आधारावर? कोणासाठी? हेच प्रश्न टियर लिस्टला विचारून बघा.

हिशोबाने बनवलेल्या प्रत्येक लिस्टच्या पोटात अनेक ‘समजा’ असतात. समजा कॅरेक्टर लेव्हल 90 आहे. समजा आर्टिफॅक्ट उत्तम आहेत. समजा टीममधले बाकीचे तिघेही आदर्श आहेत. समजा खेळणाऱ्याचं एकही बटण चुकत नाही. तुम्ही मात्र रात्री अकरा वाजता, तडा गेलेल्या स्क्रीनवर, हॉस्टेलच्या रडतखडत चालणाऱ्या वायफायवर खेळताय. लिस्ट तुमच्याबद्दल बोलतच नाहीये.

दुसरी गोष्ट, रांगा अंतर लपवतात. ‘एस’ आणि ‘ए’मध्ये पाव टक्क्याचा फरक आहे की तीस टक्क्यांचा, हे रंगीत पट्टीवरून कळत नाही. ॲडमिशनच्या मेरिट लिस्टमधून गेलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. तिथे पॉइंट काही मार्कांनी कॉलेज जातं. इथे तर तेवढंही जात नाही, कारण गेन्शिनच्या मुख्य गेममध्ये एकमेकांशी लढायची सोयच नाही! बहुतेक वेळा आपण राक्षसांशी, कोड्यांशी आणि कथेशी खेळत असतो. स्पायरल अबिससारख्या मोजक्या ठिकाणी घड्याळ लागतं, तिथे सेकंद महत्त्वाचे. बाकी राक्षस चार सेकंद उशिरा मेला तर तक्रार कोण करणार? राक्षस तर नाहीच.

427 दिवसांचा हिशोब

आता पैशांचं बोलू. शस्त्रांच्या बॅनरवर एका विशला 160 प्रिमोजेम लागतात. पाच स्टार शस्त्र निघण्याची मूळ शक्यता 0.7 टक्के. 80 विशच्या आत एक पाच स्टार नक्की मिळतं, पण ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. हवं ते निवडून ठेवण्याची सोय आहे. पूर्वी नशीब सगळ्यात वाईट असेल, तर त्यासाठी 240 विशपर्यंत जावं लागायचं. ऑगस्ट 2024 च्या 5.0 अपडेटनंतर ही मर्यादा 160 वर आली.

160 विश म्हणजे 25,600 प्रिमोजेम. रोजच्या चार कमिशनचे मिळून 60 मिळतात. फक्त त्यावर साठवायचं म्हटलं तर 427 दिवस! इव्हेंट आणि अबिसचे धरले तर दिवस कमी होतात, मान्य. पण बॅनर साधारण तीन आठवड्यांत जातो आणि निवडलेल्या शस्त्रासाठी जमलेला पॉइंटही बॅनरबरोबर संपतो. या घाईत हात कशाकडे जातो? यूपीआयकडे. आणि त्याच आठवड्यात लिस्ट ओरडून सांगत असते की हे नसेल तर तुमची टीम अधुरी.

हा खेळ नशिबाचा आहे, हे फक्त मी म्हणत नाही. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या गेमच्या कंपनीवर आरोप केला, की दुर्मिळ बक्षिसं मिळण्याची शक्यता आणि त्यासाठी येणारा खर्च याबाबत खेळाडूंची, त्यातही लहान मुलांची दिशाभूल झाली. प्रकरण 2 कोटी डॉलरवर मिटलं. पालकांच्या संमतीशिवाय 16 वर्षांखालच्या मुलांना असे लूट बॉक्स न विकण्याचंही ठरलं. आपण सोळाच्या वरचे आहोत, म्हणजे आपल्यासाठी थांबवणारं कोणी नाही. ते काम आपलंच.

मग लिस्ट बघायचीच नाही?

बघा ना! नवीन खेळणाऱ्याला लिस्टचा आधार हवाच. गेममध्ये साहित्य मिळवायला लागणारं रेझिन दर 8 मिनिटांनी एक या गतीने भरतं. चुकीच्या शस्त्रावर ते घालवलं की जीव हळहळतो. अशा वेळी कोणीतरी जाणकार ‘इकडे जाऊ नकोस’ म्हणाला तर बरंच आहे. शिवाय लिस्टवर भांडणं हाही एक खेळ आहे. कॅन्टीनमध्ये चहा थंड होईपर्यंत चालणारा.

फक्त बघताना क्रम बदला. आधी रांग नको, आधी शस्त्राची अट वाचा. मग बघा, तुमचं कॅरेक्टर ती अट पूर्ण करतं का. त्याचं डॅमेज कशावर ठरतं, अटॅक, हेल्थ की आणखी काही? लिस्ट बनवणाऱ्याने त्याचे ‘समजा’ सांगितलेत का? नसतील सांगितले, तर ती लिस्ट म्हणजे एका माणसाची आवडनिवड आहे. ऐकून घ्या, पण तिच्यावर पैसे लावू नका. आणि खर्च करायचाच असेल, तर महिन्याचा आकडा बॅनर येण्याआधी ठरवा. बॅनर आल्यावर ठरवलेला आकडा आपला नसतो.

आज रात्री लॉगिन केलंत, की बॅगेत धूळ खात पडलेली चार स्टारची शस्त्रं एकदा उघडा. त्यांच्या अटी नीट वाचा. त्यातलं एखादं तुमच्या सपोर्टच्या हातात देऊन एक अख्खी लढाई खेळा. त्यानंतर बनवायचीच असेल तर बनवा तुमची स्वतःची लिस्ट, तुमच्या अकाउंटपुरती. तिच्यात मासे पकडून आणलेला भाला ‘एस’मध्ये बसला, तर कोणाची परवानगी घ्यायची गरज नाही.