जुनी गाडी चालली, तरच टिकते

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले, तेव्हा अशा गाड्या सांभाळणाऱ्या आम्हा सगळ्यांना हायसे वाटले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात जुन्या वाहनांच्या मोडीचे धोरण जाहीर झाले होते आणि आमच्या गाड्यांचे काय होणार, याची धास्ती होती. ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरमालिका, दहा वर्षांची नोंदणी, आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवण्याची मुभा, हे सारे चांगलेच झाले. पण त्यातली एक अट मला पटत नाही. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रस्त्यावर आणायची ती फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी. जुनी गाडी ही झाकून ठेवायची आणि वर्षातून एकदा मिरवायची वस्तू आहे, असा समज या अटीत दिसतो. तो चुकीचा आहे. जुनी गाडी चालली, तरच टिकते.

माझ्याकडे १९५१ची डॉज किंग्सवे आहे. बनावट अमेरिकन, जोडणी कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लायमाउथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. त्याच्याही आधी, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सने शिवडीला शेवरोले जोडायला सुरुवात केली होती. समुद्रमार्गे पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि मुंबईचे कामगार त्यांची गाडी करायचे. पुढे १९५३च्या टॅरिफ कमिशनने धोरण सुचवले, की ज्यांना इथे प्रत्यक्ष उत्पादन करायचे आहे त्यांनीच थांबावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. या गाड्या अमेरिकेच्या इतिहासाइतक्याच मुंबईच्या कामगारांच्याही इतिहासाचा भाग आहेत, हे आपण विसरतो.

मी यंत्र अभियंता. निवृत्तीनंतर ही गाडी मिस्त्रींच्या सोबतीने स्वतःच्या हातांनी उघडली, म्हणून चालण्याबद्दल इतक्या ठामपणे लिहिते आहे. तिचे सहा सिलिंडरचे, साधारण ३.६ लिटरचे इंजिन साधे आणि दणकट आहे. पण ब्लॉकच्या पोटात, पाण्याच्या पंपामागे, पत्र्याची एक लांब चपटी नळी असते. तिच्या खाचांमधून गार पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती पोचते. वर्षानुवर्षे तेच पाणी साचून राहिले की ही नळी गंजून तिची चाळण होते. मग पाणी पुढच्या सिलिंडरांपाशीच सुटते आणि मागचे तापत राहतात. बाहेरून काही कळत नाही. आमची नळी तुकड्यातुकड्यांनी ओढून काढावी लागली. नवी नळी पुण्याच्या तांबट आळीतल्या एका कारागिराने पितळी पत्र्याची घडवून दिली, खाचांच्या जागा कागदावर उतरवून, मापात. ती हातात घेतली तेव्हा मला जो आनंद झाला, तो कुठल्याही प्रदर्शनातल्या बक्षिसाने झाला नसता.

उभ्या गाडीचे हाल किती प्रकारे होतात, तेही सांगते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते आणि चाकातले ब्रेक सिलिंडर आतून गंजतात. टाकीतल्या पेट्रोलचेही तसेच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषते आणि त्या काळातल्या रबराला ते सोसत नाही. पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या आम्हाला इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवाव्या लागल्या. ऑइल सील सुकून गळू लागतात, टायर एकाच जागी दबून चपटे होतात. जागच्या जागी इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून ठेवणे हा यावर उपाय नाही, उलट अपायच आहे. इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे आत धरलेला ओलावा उडून जात नाही; तो तेलात उतरतो. गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर नीट पळाली, की तेल तापते, बॅटरी भरते, ब्रेकची पकड कळते. नियमात ‘देखभाल’ हा शब्द आहेच. दर पंधरवड्याला अशी एक फेरी ही देखभालच आहे, एवढे सरकारने स्पष्ट लिहावे.

ज्या राज्यात या गाड्या जन्मल्या, तिथे हे ओळखले गेले. डेट्रॉइट ज्या मिशिगनमध्ये आहे, तिथल्या कायद्यातही ऐतिहासिक नंबरप्लेटच्या गाड्यांवर क्लबचे कार्यक्रम, प्रदर्शने अशी बंधने घातली गेली, पण ऑगस्ट महिन्यात त्या सर्वसाधारण वापरासाठी चालवण्याची सवलतही ठेवली गेली. त्याच महिन्यात, १९९५ पासून, डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्या धावतात. लोक कडेला खुर्च्या टाकून बसतात, इंजिनांचे आवाज ऐकतात, मुलांना दाखवतात. दोरीपलीकडे उभ्या केलेल्या गाडीतून हे शिक्षण मिळत नाही.

चालण्याइतकीच निकड आहे हातांची. डॉजच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टांना उलटे आटे असतात. ज्याला हे ठाऊक नाही, तो जोर लावून बोल्टच मोडतो. मागच्या चाकाचा ड्रम निमुळत्या अॅक्सलवर घट्ट बसलेला असतो; तो हातोड्याने ठोकायचा नसतो, पुलरनेच ओढायचा असतो. वायरिंग ६ व्होल्टचे आणि अर्थ पॉझिटिव्ह. नटबोल्ट सगळे इंची, पाने सुतात मोजायचे. आमच्या मिस्त्रींना हे सारे तोंडपाठ आहे. ते वयाने पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या हाताखाली आज एकही पोरगा नाही. त्यांच्याकडचे ज्ञान कुठल्याही पुस्तकात पुरते उतरलेले नाही. कॅन्ससमधल्या मॅकफर्सन कॉलेजात जुन्या गाड्यांच्या जीर्णोद्धाराची चार वर्षांची पदवी मिळते. आपल्याकडे पदवी नको, पुण्या-मुंबईच्या एखाद्या आयटीआयमध्ये सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू होऊ द्या आणि असे मिस्त्री तिथे मानधनावर शिकवू द्या. पत्राकाम, लेथवर एकच सुटा भाग मापात घडवणे, कार्ब्युरेटर बसवणे ही कौशल्ये पंप दुरुस्तीपासून साखर कारखान्यापर्यंत कुठेही पोट भरतील.

हा श्रीमंतांचा शौक आहे, असा आक्षेप येतो. राजवाड्यांतल्या मोटारींबाबत तो काही अंशी खराही असेल. पण डॉज आणि प्लायमाउथ एके काळी मुंबईत टॅक्सी म्हणून धावल्या आहेत. आणि जीर्णोद्धाराचा पैसा जातो तो तांबटाकडे, पत्रेवाल्याकडे, सीट शिवणाऱ्याकडे. प्रदूषणाचा आक्षेप मी गंभीरपणे घेते. म्हणूनच मोकाट परवानगी मागत नाही. वर्षाला हजार किलोमीटरची मर्यादा घाला, मीटरची नोंद मागा, रविवारची सकाळ ठरवून द्या. रोजच्या वाहतुकीच्या धुरात एवढ्या गाड्यांची भर नगण्य आहे.

आणखी एक दुरुस्ती हवी. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नसावेत, ही नियमातली अट रास्तच आहे. पेट्रोल महागले तेव्हा कित्येक अमेरिकन गाड्यांची मूळ इंजिने काढून डिझेलची बसवली गेली. आज कुणी खपून पुन्हा मूळ जातीचे इंजिन बसवत असेल, किंवा गंजलेल्या चासीला त्याच मापाचा पत्रा जोडत असेल, तर ती दुरुस्ती आहे, फेरफार नव्हे. हा फरक नियमातच लिहायला हवा, म्हणजे आरटीओतल्या अधिकाऱ्यालाही निर्णय घेणे सोपे जाईल.

या तीनही गोष्टींना सरकारी तिजोरीतून फारसा खर्च नाही. देखभालीच्या फेरीला परवानगी आणि दुरुस्तीची व्याख्या एका अधिसूचनेत बसेल. अभ्यासक्रमाला मात्र वेळ लागेल, म्हणून त्याची सुरुवात आधी व्हावी. शिकवणारे आज आहेत, तोवरच तो सुरू करता येईल.