न दुखणारे दुखणे

एखाद्याला गर्व झाला, की ‘त्याची मिजास वाढली’ असे आपण म्हणतो. हा शब्द मुळात हकिमांचा आहे. अरबी ‘मिजाज’ म्हणजे प्रकृती. रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त या चार रसांच्या मिश्रणाने मनुष्याची प्रकृती घडते, आणि त्यांचा समतोल ढळला की रोग जडतो, हे युनानी वैद्यकाचे मूलतत्त्व होय. ग्रीसमध्ये जन्मलेला हा विचार अरबांनी जोपासला, इब्न सीना (980–1037) या पंडिताने त्यास ग्रंथरूप दिले आणि पुढे तो हिंदुस्थानात स्थिरावला. अर्क, गुलकंद, मुरंबा, इसबगोल हे आपल्या घरातील शब्दही फार्सी-अरबीतूनच आले आहेत.

जुनाट दुखण्याने गांजलेला मनुष्य हकिमाकडे का जातो, हे समजण्यासारखे आहे. हकीम शांतपणे नाडी पाहतो, आहार, झोप, चित्तवृत्ती यांची चौकशी करतो. घाईच्या दवाखान्यात दुर्लभ झालेले आपलेपण तेथे मिळते. शिवाय त्याची सर्वच औषधे निरर्थक आहेत असेही नाही. पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजून ठणकतो त्या विकारावर हकीम ‘सुरंजान’ देत. त्याच जातीच्या वनस्पतीपासून 1820 साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी ‘कोल्चिसीन’ वेगळे केले, आणि आजचे डॉक्टरही ते त्याच विकारावर देतात. मात्र मात्रा चुकली तर ते विषच ठरते.

तर मग शेकडो वर्षांच्या अनुभवावर सर्वस्वी विसंबावे काय? येथे थोडा विवेक हवा. सांधा दुखतो हे रोग्याला कळते आणि दुखणे थांबले हेही कळते. म्हणून तेथे अनुभव बोलू शकतो. परंतु वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. दंडाला पट्टा बांधून तो मोजण्याचे साधन इटलीच्या रिवा-रोची यांनी 1896 साली तयार केले. जे मोजताच येत नव्हते, त्याविषयी जुना अनुभव काय सांगणार?

माझ्या एका मामांची हकिकत याच प्रकारची आहे. कोणीतरी दिलेल्या, नाव नसलेल्या पुडीने त्यांना हुशारी वाटू लागली. म्हणून त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या आणि दाब मोजणेही सोडले. काही महिन्यांनी एका पहाटे त्यांची उजवी बाजू लुळी पडली. पुडीने अपाय केला असे मी म्हणत नाही, कारण तीत काय होते हेच कोणास ठाऊक नाही. बरे वाटणे म्हणजे बरे होणे, हा समज मात्र आम्हांस फार महाग पडला.

आता सर्पगंधेची कथा पाहा. निद्रानाश व उन्माद यांवर ही मुळी आपल्याकडे पूर्वापार देत असत. थोर हकीम अजमल खान (1868–1927) यांच्या प्रेरणेने दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात संशोधन सुरू झाले. तेथे सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी 1931 साली या मुळीतून एक द्रव्य वेगळे करून हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्यास ‘अजमलीन’ हे नाव दिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रोग्यांना ही मुळी देऊन, दाब मोजून, आपले निष्कर्ष 1949 साली प्रसिद्ध केले, तेव्हा साऱ्या जगाचे तिच्याकडे लक्ष गेले. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून ‘रेसर्पिन’ मिळाले. पुढे त्याने काहींचे मन खिन्न होते असे दिसून आले, आणि सुरक्षित औषधे मिळताच त्याचा वापर मागे पडला. परीक्षेने गुण दाखविला, तसा दोषही दाखविला. यात हकिमी विद्येचा अपमान कोठे झाला? उलट अजमल खानांनी स्वतःच तिच्यासाठी प्रयोगशाळेचे दार उघडले होते.

बंगळूरच्या राष्ट्रीय युनानी संस्थेत आज या शास्त्राचे रीतसर उच्च शिक्षण दिले जाते. कोणास हकिमाकडे जावयाचे असेल, त्याने पदवीधर हकिमाकडे अवश्य जावे. परंतु विद्यार्थी मित्रहो, घरातील वडीलधाऱ्यांसाठी एवढे करा: घेतलेले प्रत्येक औषध, मग ते कोणाचेही असो, डॉक्टरांस दाखविण्याचा आग्रह धरा, त्यांना विचारल्याविना चालू गोळी बंद होऊ देऊ नका, आणि एका वहीत रक्तदाबाचे व साखरेचे आकडे तारीखवार लिहून ठेवा. न दुखणाऱ्या दुखण्याला स्वतःचा आवाज नसतो. तुमची वही हाच त्याचा आवाज होय.