गोळा खावा, पण बर्फाची विचारपूस करून

एप्रिल उजाडला की छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशी गाठतो आणि गुलमंडी, पैठण गेट, टीव्ही सेंटर, कॅनॉट या भागांत संध्याकाळी गोळ्याच्या गाड्यांभोवती गर्दी होऊ लागते. रंध्यावर घासल्या जाणाऱ्या बर्फाचा खरखर आवाज, काडीभोवती दाबून बसवलेला पांढरा गोळा आणि त्यावर काला खट्टा किंवा गुलाबाचा पाक. त्याच वेळी घराघरांत एक इशारा हमखास ऐकू येतो : ‘गोळा खाऊ नको, घसा बसेल.’ हा इशारा भलत्याच कारणासाठी दिला जातो. घसा दुखतो तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे, थंडाव्यामुळे नव्हे. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर तर डॉक्टरच मुलांना आइस्क्रीम द्यायला सांगतात. गोळ्यातला खरा प्रश्न थंडीचा नाही, पाण्याचा आहे.

किसलेल्या बर्फाचे वेड काही एकट्या आपल्याकडचे नाही. जपानमध्ये त्याला काकीगोरी म्हणतात, कोरियात बिंगसू, फिलिपिन्समध्ये हालो-हालो. तैवानी लोकांनी त्यात एक वेगळीच सुधारणा केली. त्यांच्या ‘स्नो आइस’मध्ये साध्या पाण्याचा बर्फ नसतोच. दूध, साखर आणि कधी फळाचा गर एकत्र गोठवून त्याची लादी करतात आणि ती यंत्रावर फिरवून कागदासारख्या पातळ पट्ट्या काढतात. वर आंब्याच्या फोडी, गोड शिजवलेले लाल चवळीसारखे दाणे, आटवलेले दूध. चव वरून ओतलेली नसते, बर्फातच असते. देशातल्या मोठ्या शहरांमधील कॅफेंत हा पदार्थ आता मिळू लागला आहे. काचेचा वाडगा, वातानुकूलित खोली आणि गोळ्याच्या कितीतरी पट किंमत पाहून ग्राहक निर्धास्त होतो. जंतू मात्र मेनूकार्ड वाचून येत नाहीत.

‘एवढ्या थंडीत जंतू जगतील कसे?’ असे सुशिक्षित माणसेही विचारतात. उत्तर सोपे आहे. प्रयोगशाळेत जंतूंचे नमुने वर्षानुवर्षे जपायचे असतील तर ते उणे ८० अंशांच्या शीतकपाटातच ठेवतात. गोठवल्याने काही जंतू मरतात, बाकीचे झोपी जातात आणि बर्फ वितळला की जागे होतात. अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये आमांश, विषमज्वर गटातील आणि जुलाबाचे जंतू मुद्दाम बर्फात गोठवले आणि तो बर्फ कोला, सोडा, व्हिस्की आणि टकीलात वितळवला. मद्यातसुद्धा जंतू पूर्णपणे नष्ट झाले नाहीत. ‘पेगमध्ये बर्फ घातला तरी दारू जंतू मारते’ असे मानणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर राज्यांत वेगवेगळ्या कार्यक्रमांना गेलेल्या लोकांना एकाच वेळी उलट्या-जुलाब सुरू झाले. तपासाचा धागा एका बर्फ कारखान्यापाशी पोहोचला. त्याच्या विहिरीत पुराचे पाणी शिरले होते आणि त्याच पाण्याचा बर्फ सगळीकडे गेला होता. तिथे ना हातगाडी होती, ना उघडे गटार. कारखान्याचे एक दूषित पाणी पुरेसे ठरले.

आता आपल्या शहराकडे पाहू. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने नहर बांधून इथे पाणी खेळवले. आज पैठणच्या नाथसागरातून पन्नासेक किलोमीटरवरून उपसून आणलेले पाणी अनेक वसाहतींत आठ-आठ दिवसांनी नळाला येते. मधल्या काळात रिकाम्या जलवाहिनीचा दाब नाहीसा होतो आणि गळक्या सांध्यांतून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. नळाच्या टोकाला पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते. पण ड्रममध्ये चार दिवस साठवले की तेही उडून जाते. नळ नसेल तिथे टँकर, टँकर नसेल तिथे बोअर. अशा शहरात ‘बर्फ कोणत्या पाण्याचा?’ हा प्रश्न चोखंदळपणाचा नाही, तो गरजेचा आहे.

आजार लगेच झाला असता तर लोक शहाणे झाले असते. तसे होत नाही. विषमज्वराची लक्षणे दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. ‘हिपॅटायटिस ए’ आणि ‘ई’ या काविळींना दोन आठवड्यांपासून दीड-दोन महिन्यांपर्यंतचा काळ लागतो. एप्रिलअखेर खाल्लेल्या गोळ्याची कावीळ जूनमध्ये डोळ्यांत उतरते, तेव्हा तो गोळा कोणाच्याच लक्षात नसतो. नातेवाईक कालच्या वड्याला दोष देतात आणि रुग्णाला गळ्यात माळ घालून कावीळ ‘उतरवायला’ नेतात. त्यात ‘ई’ प्रकारची कावीळ गर्भवतीला फार महागात पडते. शेवटच्या तिमाहीत ती झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डोहाळे काहीही म्हणोत, त्या काळात बाहेरचा बर्फ नको. शीतपेयातला आणि उसाच्या रसातलासुद्धा.

महाराष्ट्रात यावर एक चांगला नियम आहे. खाण्यासाठी नसलेला, म्हणजे मासळी टिकवायला किंवा माल गार ठेवायला लागणारा बर्फ २०१८ पासून निळसर रंगाचा असणे बंधनकारक आहे. रंगहीन बर्फ तेवढा खाण्याचा आणि तो पिण्यायोग्य पाण्यापासूनच केलेला असला पाहिजे. कल्पना सोपी आणि उत्तम. मात्र तिच्यात एक गोम आहे. निळसर लादी किसल्यावर जवळजवळ पांढरीच दिसते आणि तिच्यावर काला खट्टा ओतला की कोणाच्या बापाला रंग कळणार? म्हणून गोळा पाहू नये, लादी पाहावी. आणि कारखान्याने रंग घातलाच नाही तर ग्राहकाला लादी पाहूनही काही उमगणार नाही.

इथेच दरवर्षीच्या कारवाईची दिशा चुकते. उन्हाळा आला की हातगाड्यांवर धाड पडते, पाकाच्या बाटल्या गटारात ओतल्या जातात, छायाचित्र छापून येते. रोडामाइनसारखा बंदी असलेला रंग पाकात वापरला जात असेल तर ती कारवाई हवीच. पण गाडीवाल्याने बर्फ विकत घेतलेला असतो. तो तपासण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नसते. तपासणी व्हायला हवी ती बर्फाच्या कारखान्यात, साच्यात पाणी भरण्याआधी. गावोगावच्या पाण्यासाठी आरोग्य कर्मचारी जी क्लोरीनची ओटी चाचणी करतात, ती पाच मिनिटांत होते आणि तिला फारसा खर्च नाही. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत ती रोज व्हावी, जंतूंच्या तपासणीसाठी पाण्याचा नमुना ठरावीक दिवसांनी प्रयोगशाळेत जावा आणि निकाल कारखान्याच्या दारावर लावावा. शंभर गाड्यांमागे धावण्यापेक्षा मोजके कारखाने सांभाळणे सोपे आहे.

गाडीवाल्याच्या हातात असते ते वेगळे. लादी फरशीवर की पत्र्यावर? तिच्यावर गोणपाट कालचेच का? ज्या हाताने नोट घेतली त्याच हाताने गोळा दाबला जातो का? उरलेला पाक पिण्यासाठी दिलेला ग्लास एकाच बादलीत किती वेळा बुडवला जातो? हे पाहायला डॉक्टर व्हावे लागत नाही. कॅफेतही दुधाची लादी कुठे गोठवली आणि यंत्राचे पाते केव्हा धुतले, हे विचारायला हरकत नाही. दूध जंतूंना पाण्यापेक्षा अधिक मानवते.

राहिली साखर. थंडीत जिभेला गोडी कमी जाणवते, त्यामुळे गोळ्याचा पाक नुसता चाखला तर घशाखाली उतरणार नाही इतका गोड असतो. दोनशे ग्रॅम बर्फ वितळून अंगाच्या तापमानाला यायला शरीराची जेमतेम २३ किलोकॅलरी उष्णता खर्च होते. त्यावरच्या पाकात ५० ग्रॅम साखर असेल तर २०० किलोकॅलरी पोटात जातात. अंग गार झाल्याचे समाधान मुख्यतः तोंडापुरते असते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमपर्यंत ठेवायला सांगते. मधुमेह असणाऱ्याने हिशेब स्वतःच करावा. उन्हाने गळून गेलेल्या किंवा जुलाब होत असलेल्या मुलाला तर गोळा हा उपचार म्हणून देऊच नये. एक लिटर ओआरएसमध्ये फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते आणि सोबत क्षार असतात. घट्ट पाक उलट आतड्यात पाणी ओढतो.

मग खावे कसे? सावकाश. थंड घास टाळूला लागला की तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून पुन्हा रुंदावतात आणि कपाळात कळ जाते. कॅनडातल्या एका शाळेत १४५ विद्यार्थ्यांना आइस्क्रीम देऊन केलेली पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. भराभर खाणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांचे डोके दुखले, हळू खाणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांचे. कळ आलीच तर जीभ टाळूला दाबून धरावी, बहुधा ती लगेच ओसरते.

तैवानी पद्धत तर आपल्या घरात सहज जमते आणि पाण्याचा प्रश्नच मिटवते. अर्धा लिटर दूध उकळून थोडे आटवावे, बेताची साखर घालावी, निवल्यावर पसरट डब्यात झाकून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावे. साखर आणि स्निग्धांशामुळे ही लादी दगडासारखी होत नाही, काट्याने किंवा स्वच्छ किसणीने भुसभुशीत निघते. वर मराठवाड्याच्या केशर आंब्याच्या फोडी घालाव्यात. फोडी बर्फाइतक्या गार नसतात, म्हणून त्या जास्त गोड लागतात आणि दुधातली साखर कमी केली तरी चालते. लागेल तेवढेच किसावे, बाकीची लादी लगेच आत ठेवावी. वाडग्यात वितळलेले दूध तेव्हाच पिऊन टाकावे, ते पुन्हा गोठवू नये.